शाळेच्या वर्गातील ग्रीक दैवतकथा



लहान मुलांना देवादिकांच्या कोणत्या गोष्टी सांगाव्यात आणि कोणत्या सांगू नयेत, हा वाद फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस शिक्षणाचा विचार करू लागतो, तेव्हा तो व्यायामापासून किंवा गणितापासून आरंभ करीत नाही. दाया आणि माता मुलांना ज्या कथा सांगतात त्यांच्यापासून करतो. हेसिओडने सांगितलेली क्रोनसची कथा त्याच्या डोळ्यांसमोर आहे. क्रोनसने आपल्या पित्याला, युरेनसला, विळ्याने छिन्न केले आणि पुढे आपलीच मुले जन्मताच गिळली. सॉक्रेटिसाचे म्हणणे असे की, ही गोष्ट खरी असली तरीसुद्धा ती कोवळ्या वयातील मुलांना सांगू नये. सांगणे अगदीच भाग पडले, तर थोड्या लोकांना, गुप्तपणे सांगावी. आणि त्याआधी डुकराचा नव्हे, तर एखाद्या मोठ्या व दुर्मीळ पशूचा बळी द्यावा लागावा, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील. कथेत गूढार्थ असेलही, परंतु गूढार्थ कोणता आणि वाच्यार्थ कोणता हे मुलाला कळत नाही, आणि त्या वयात मनावर जे उमटते ते सहसा पुसले जात नाही, हे त्याचे कारण.

ग्रीकांनी प्लेटोचा हा सल्ला मानला नाही. होमर त्यांच्या शाळांत शिकविला जात राहिला. ईजिप्तच्या वाळूत जे पपायरस सापडले, त्यांत शाळकरी मुलांनी सरावासाठी उतरवून काढलेल्या होमरच्या ओळी आहेत. आजही ग्रीस देशातील प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेचे इतिहासाचे पुस्तक दैवतकथांपासून सुरू होते आणि तेथून इतिहासाकडे वळते. पुढे बाराव्या वर्षी मूल ‘जिम्नॅसियो’ म्हणजे माध्यमिक शाळेत जाते, तेव्हा पहिल्या वर्षी त्याला आधुनिक ग्रीक अनुवादातून ‘ओडिसी’ आणि दुसऱ्या वर्षी ‘इलियड’ शिकवितात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९८ मध्ये स्वीकारलेल्या अभ्यासक्रमात सहावीच्या विद्यार्थ्याला ग्रीक दैवतकथांचे तत्कालीन लोकजीवनातील स्थान आणि पुढील साहित्यावर व भाषेवर झालेला त्यांचा परिणाम समजावा, अशी अपेक्षा नमूद केलेली आहे. ज्यांचे ते दैवत नाही अशा लक्षावधी मुलांसमोर झ्यूस आणि अथेना यांच्या कथा अशा रीतीने दरवर्षी मांडल्या जातात.

सहावी ते आठवी हे वय या कथांच्या दृष्टीने मोठे नाजूक आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पंखांचा घोडा सांगितला की तो मान्य असतो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हसून सोडून देतो. बाराव्या वर्षी मात्र मूल दोन प्रश्न एकदम विचारते: हे खरे घडले काय? आणि घडले नसेल, तर इतके दिवस लोक हे का सांगत आले? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे असते. शिक्षकाचा खरा कस दुसऱ्या प्रश्नाला लागतो.

पहिली अडचण पाठाची आहे. गोष्ट कोणाची सांगावयाची? मिडास राजाचे उदाहरण घ्यावे. स्पर्श करील ते सोने व्हावे असा वर त्याने मागितला, अन्न सोन्याचे झाले, पाणी सोन्याचे झाले, आणि शेवटी धावत आलेली लाडकी मुलगी मिठीत येताच सोन्याची पुतळी झाली. ही गोष्ट जगभरच्या मुलांना अशीच ठाऊक आहे. इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आपल्याकडे आली तीही अशीच. परंतु प्राचीन कथेत ही मुलगी नाही. रोमन कवी ओव्हिड सांगतो ती कथा अन्न आणि पेय यांच्यापाशीच थांबते. भुकेने व्याकूळ झालेला राजा वर परत घेण्याची विनवणी करतो, देव त्याला पॅक्टोलस नदीत स्नान करावयास सांगतो, आणि तेव्हापासून त्या नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडू लागतात. अॅरिस्टॉटलनेही संपत्ती म्हणजे नेमके काय, याची चर्चा करताना मिडासच्या उपासमारीचाच दाखला दिला आहे. मुलगी आणली ती अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याने, १८५१ मध्ये निघालेल्या ‘अ वंडर-बुक’ या मुलांच्या पुस्तकात. त्याने तिचे नावही ठेवले: मेरीगोल्ड. त्या नावातच सोने आहे.

हॉथॉर्नने हे अजाणता केले नाही. त्याच्या पुस्तकात एक तरुण विद्यार्थी मुलांना गोष्टी सांगतो, आणि घरातील एक विद्वान गृहस्थ त्याची कानउघाडणी करतात की, या अभिजात कथांना तू हात लावू नकोस, तू त्यांचे रूप बिघडवतोस. त्यावर तो तरुण उत्तर देतो की, या कथा कोणा एका प्राचीन ग्रीकाची मिरास नाहीत. त्या साऱ्या जगाच्या आणि साऱ्या काळाच्या आहेत. हे उत्तर बिनतोड वाटते, आणि एका अर्थी ते खरेही आहे. ओव्हिडने तरी दुसरे काय केले? त्यानेही जुन्या कथा आपल्या पद्धतीनेच सांगितल्या. तथापि वर्गातील शिक्षकावर कथाकारापेक्षा एक जबाबदारी अधिक असते. गोष्टीचे कोणते अंग कोणत्या काळी तिला जोडले गेले, हे त्याने मुलांना सांगितले पाहिजे. बाराव्या वर्षीच्या मुलांना हे समजत नाही असे मानण्याचे कारण नाही. मेरीगोल्ड नव्याने आली हे कळताच ती मुले विचारू लागतात की, हॉथॉर्नला ती का हवीशी वाटली असेल? भुकेने मरणाऱ्या राजापेक्षा मुलगी गमावणारा राजा अधिक दुःखी का वाटतो? येथे दैवतकथेचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पँडोराच्या पेटीचेही तसेच. हेसिओडच्या काव्यात पेटी नाही. धान्य किंवा तेल साठविण्याचा मोठा रांजण आहे, ज्याला ग्रीक भाषेत ‘पिथॉस’ म्हणतात. सोळाव्या शतकात इरॅस्मस या पंडिताने लॅटिनमध्ये ही कथा लिहिताना रांजणाच्या जागी डबी आली, आणि तेव्हापासून युरोपात ‘पँडोराची पेटी’ रूढ झाली. ही चूक मुलांना सांगण्याजोगी आहे; कारण रांजण म्हटला की घर आले, घरातील वर्षाचा साठा आला, आणि झाकण उघडणारी स्त्री चोरटी न राहता गृहिणी झाली. त्याच कथेत आणखी एक कोडे आहे. सारी दुःखे बाहेर पडली आणि आशा तेवढी रांजणात राहिली. रांजण जर दुःखांचा होता, तर आशा त्यात कशासाठी होती? ती माणसासाठी राखून ठेवली की माणसापासून कोंडून ठेवली? अडीच हजारांहून अधिक वर्षे विद्वान यावर वाद घालीत आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकापाशीही नाही असा प्रश्न वर्गात येणे ही मुलांच्या दृष्टीने मोठी पर्वणी असते, कारण त्या तासाला शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाकावर बसतात.

पाठाविषयीची ही शिस्त ज्यांनी सर्वसामान्य वाचकाला लावली त्यांत एडिथ हॅमिल्टन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९६ पासून १९२२ पर्यंत त्या बाल्टिमोर येथील मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर त्या लेखनाकडे वळल्या आणि १९४२ मध्ये त्यांचे ‘मायथॉलॉजी’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेतील शाळांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. कथेच्या आरंभी, ही कथा कोणत्या प्राचीन कवीवरून घेतली आणि तोच कवी का निवडला, हे त्या थोडक्यात सांगतात. १९५७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, अथेन्स नगरीने त्यांना मानद नागरिकत्व दिले.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे, आणि ती प्लेटोचीच आहे. या कथांत क्रौर्य आहे, फसवणूक आहे, बळजोरी आहे. पर्सेफोनीची कथा पाहावी. होमरच्या नावावर असलेल्या प्राचीन स्तोत्रात ही मुलगी मैत्रिणींसह कुरणात फुले वेचीत असते. पृथ्वीने मुद्दाम उगविलेल्या नरगिसाच्या फुलाला ती हात घालते, तोच धरणी दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. ती ओरडते. तिची आई डीमीटर नऊ दिवस अन्नपाण्यावाचून, हाती मशाली घेऊन भटकते. अखेर सूर्यदेव तिला सांगतो की, मुलीच्या बापानेच, झ्यूसने, ती आपल्या भावाला देऊन टाकली आहे. आई देवलोक सोडते, एल्यूसिस गावच्या विहिरीपाशी म्हातारीच्या वेषात बसते, आणि पुढे पृथ्वीवर एक दाणाही उगवू देत नाही. तेव्हा देवांना शरण यावे लागते. मुलगी परत येते. परंतु तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात काढावा लागतो.

हॉथॉर्नने १८५३ च्या आपल्या दुसऱ्या पुस्तकात ही कथा घेतली, तेव्हा पर्सेफोनी लहान बालिका झाली आणि पाताळाचा राजा आपल्या ओसाड महालात करमत नसलेला, प्रेमाचा भुकेला गृहस्थ झाला. बळजोरी नाहीशी झाली. अशा सोवळ्या आवृत्त्या शाळांत पुष्कळ चालल्या, आणि त्या सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उलट बाजूने २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी असा आक्षेप घेतला की, पर्सेफोनी आणि डॅफ्नी यांच्या ओव्हिडकृत कथा शिकविताना काव्याच्या सौंदर्याची वाखाणणी होते आणि त्यांतील अत्याचाराविषयी कोणी बोलत नाही. ज्या विद्यार्थिनीने असे काही सोसलेले असेल तिला त्या वर्गात बसणे असह्य होते. या आक्षेपाची थट्टाही झाली. परंतु तो नीट पाहिला तर त्याची तक्रार कथेविरुद्ध कमी आणि अध्यापनाविरुद्ध अधिक आहे.

बारा वर्षांच्या मुलांसमोर या कथेचे काय करावे? सर्व तपशील उघडे करण्याचे ते वय नाही. परंतु कथा खोटी करण्याचेही कारण नाही. प्राचीन स्तोत्रच येथे शिक्षकाचा हात धरते. ते मुलीची किंकाळी ऐकविते, आईचे रडणे दाखविते, आणि अपहरणाला अपहरणच म्हणते. वर्गातील एखादी मुलगी विचारील की, तिला कोणी विचारले का नाही? या प्रश्नावर शिक्षकाने घाईने, ती केवळ ऋतुचक्राची रूपककथा आहे, असे सांगून तास संपविणे हा त्या मुलीवर अन्याय होय. ऋतूंचा अर्थ कथेत आहेच; पण ज्या समाजात बाप मुलीचे लग्न तिच्या आईलाही न विचारता ठरवीत असे, त्या समाजातील आयांचे दुःखही तिच्यात आहे. जात्यावरच्या ओव्यांतील सासर-माहेर ज्यांनी ऐकले आहे, भाद्रपदात तीन दिवसांसाठी येणाऱ्या गौरीला निरोप देताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे डोळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना डीमीटर परकी वाटणार नाही. मात्र दोन्ही एकच आहेत असे म्हणू नये. गौर पाहुणी म्हणून येते. पर्सेफोनी सुटका झालेली म्हणून येते. साम्य दाखवून मुलांना जवळ आणावे आणि भेद दाखवून विचार करावयास लावावे.

तिसरा प्रश्न श्रद्धेचा. ज्या देवांवर आपली श्रद्धा नाही त्यांच्या कथा शिकविण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न इतिहासात एकदा प्रत्यक्ष राजाज्ञेच्या रूपाने उभा राहिला होता. इ. स. ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्यूलियन याने फर्मान काढले. स्वतः जुन्या देवांचा उपासक असलेल्या या सम्राटाचे म्हणणे असे की, होमर आणि हेसिओड ज्या देवांना मानीत, त्यांना खोटे समजणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकांनी होमर आणि हेसिओड शिकविणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्यांनी आपल्या चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू आणि ल्यूक शिकवावेत. प्रोहेरेसियस हा अथेन्सचा ख्यातनाम ख्रिस्ती अध्यापक ज्यूलियनचा गुरू होता. सम्राटाने त्याला या आज्ञेतून वगळले, तरीही त्याने ती सवलत नाकारून अध्यापन सोडले. आणि ज्यूलियनचा चाहता, स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मिआनस याने, ही आज्ञा कायमच्या मौनात पुरून टाकण्याच्या लायकीची होती, असा अभिप्राय नोंदविला आहे.

ज्यूलियन पुढच्याच वर्षी युद्धात मरण पावला. त्याच शतकात ख्रिस्ती धर्मगुरू बेसिल याने तरुणांना उपदेश केला की, मधमाशी जशी प्रत्येक फुलावर सारखी बसत नाही आणि बसली तरी कामापुरते घेऊन बाकीचे सोडून देते, तसे या जुन्या साहित्याकडे जावे. पूर्वेकडील ख्रिस्ती साम्राज्याच्या शाळांत पुढे कित्येक शतके होमर शिकविला गेला. देवळे बंद झाली, यज्ञ थांबले. पण कथा टिकल्या, आणि त्या टिकण्यात शाळेच्या वर्गाचा व ग्रंथांच्या नकला करणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. ज्यूलियनचे फर्मान टिकते तर कदाचित ज्या देवांसाठी ते काढले त्यांच्याच कथांचे नुकसान झाले असते.

तरीही ज्यूलियनच्या तक्रारीत एक वर्म आहे, आणि आजच्या शिक्षकाने ते विसरू नये. तुच्छतेने शिकविलेली दैवतकथा न शिकविलेलीच बरी. कॅलिफोर्नियातील सहावीच्या ज्या इतिहासाच्या पुस्तकात प्राचीन ग्रीस असतो त्याच पुस्तकात प्राचीन भारतही असतो, आणि २००५-०६ मध्ये त्या पुस्तकांतील हिंदू धर्माच्या चित्रणावरून मोठा वाद झाला. त्या वादातील सर्वच मागण्या योग्य होत्या असे नव्हे. इतिहासकारांनी त्यांतील अनेकींना विरोध केला. परंतु वादाच्या मुळाशी जी व्यथा होती ती समजण्यासारखी आहे. ज्या मुलाच्या घरी देव्हारा आहे, ज्याची आई संध्याकाळी दिवा लावते, ते मूल वर्गात बसून ‘मिथक’ हा शब्द ऐकते तेव्हा त्याच्या मनात काय येते? झ्यूसची टिंगल ऐकून ते सर्वांबरोबर हसते, आणि नंतर त्याला शंका येते की, उद्या माझ्या देवांनाही असेच हसतील काय? म्हणून झ्यूसविषयी असे बोलावे की, त्याची पूजा करणारे एखादे मूल समोर बसले असते तर त्याला खाली मान घालावी लागली नसती. ही केवळ कल्पना नाही. प्राचीन देवांची उपासना नव्याने करणारे लोक ग्रीसमध्ये आज आहेत आणि २०१७ मध्ये तेथील शासनाने त्यांच्या धर्माला मान्यता दिली आहे.

शेवटी एका बापाचा उल्लेख केला पाहिजे. रिक रायर्डन हे अमेरिकेत माध्यमिक शाळेत शिकवीत. त्यांच्या मुलाला वाचनाचा त्रास होता आणि एका जागी चित्त स्थिर ठेवणे जड जाई. शाळेतील इतर विषयांत त्याचे मन रमेना. ग्रीक कथा तेवढ्या त्याला आवडत. वडील रात्री झोपताना त्या सांगत. कथा संपल्या तेव्हा मुलाने नव्या मागितल्या, आणि वडिलांनी एक नवा नायक निर्माण केला. तो देवाचा पुत्र आहे आणि त्याला वाचता येत नाही, कारण त्याच्या मेंदूची घडण प्राचीन ग्रीक भाषेसाठी झालेली आहे. तो स्वस्थ बसू शकत नाही, कारण रणांगणावर स्वस्थ बसणारा मरतो. त्यातून २००५ मध्ये ‘द लाइटनिंग थीफ’ ही कादंबरी झाली आणि पुढे जगभरची मुले ती वाचू लागली. पंडितांना त्या पुस्तकात पुष्कळ स्वातंत्र्य घेतलेले दिसेल. परंतु शाळा ज्याला उणीव म्हणत होती ती त्या मुलाला वीराची खूण म्हणून दाखविण्याची ताकद या जुन्या कथांत होती, हे नाकारता येणार नाही.

मराठी मुलांना ग्रीक कथांची ओळख नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुद्रणालयात इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. महाराष्ट्रापासून दूर, तमिळ भाषेच्या प्रदेशात, मराठी माणसांनी हे काम केले, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयाच्या शताब्दीत आठवण्याजोगी आहे. आज अशा गावांतून वाढणाऱ्या मराठी मुलांची शाळेची भाषा वेगळी, रस्त्यावरची भाषा वेगळी आणि आजीची भाषा वेगळी असते. ज्ञानेश्वरांनी चालविलेली भिंत, विठ्ठलाची वीट, गौरीचे माहेर या कथा त्यांच्यापर्यंत पोहोचतात त्या कित्येकदा दुसऱ्या भाषेच्या पुस्तकातून, म्हणजे अमेरिकेतील मुलाला पर्सेफोनी भेटते तशाच. ग्रीक कथा कशा शिकवाव्यात हा प्रश्न त्यामुळे दूरचा राहत नाही. आपल्या कथा आपल्याच मुलांना सांगताना मूळ पाठ जपावा, नवे काय जोडले ते सांगावे, कठीण प्रश्नाला टाळू नये, आणि त्या कथेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांचा आणि ज्यांची नाही त्यांचाही मान राखावा, एवढे त्या अनुभवातून घेता येते.

मुलांना कोणत्या कथा सांगाव्यात याचे नियम घालणाऱ्या प्लेटोने आपल्या त्याच ग्रंथाचा शेवट कशाने केला? युद्धात पडलेला एर नावाचा योद्धा बाराव्या दिवशी चितेवर जिवंत होतो आणि परलोकात काय पाहिले ते सांगतो, या कथेने. इतका युक्तिवाद करून झाल्यावर त्यालाही अखेर एक गोष्ट सांगावी लागली. ग्रंथालयाच्या बालविभागात पुस्तक मागावयास येणारे मूल तेच मागत असते, आणि ते त्याला खरेपणाने मिळावे, ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे.